पाहुण्यांआधीची पाहुणी

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे यायचे असले, की त्यांच्याआधी अर्धा तास एक पाहुणी येऊन जायची. तिला कुणी आमंत्रण धाडत नसे आणि तिच्यापुढे कुणी चहाची बशी ठेवत नसे. ती बाहेरून कडी वाजवायची, "कोन हाय घरात?" म्हणून विचारायची, चपला काढून आत यायची आणि खऱ्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीत सरळ जाऊन बसायची. मग घरातली सगळी माणसं, अगदी घरच्या मालकासकट, तोंडी परीक्षेला आल्यासारखी तिच्यासमोर उभी राहायची.

या आमच्या वच्छलाकाकू. अमरावतीत अंबागेटच्या आत आम्ही राहत होतो, त्या गल्लीच्या शेवटी त्यांची एक खोली होती. खोलीत एक खाट, एक चूल, पायानं चालवायचं शिवणाचं मशीन आणि सुमन नावाची मुलगी. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत सांधेवाला होता, तो सुमन तीन वर्षांची असताना गेला. तेव्हापासून काकू गल्लीची पोलकी, परकर, पोरांच्या शाळेच्या चड्ड्या आणि तान्ह्यांची झबली शिवत होत्या. उंच, काटक बाई. गळ्यात टेप कायमचा. कनवटीला खडूचा तुकडा. आणि ओठांत टाचण्या. आधीच वऱ्हाडी बोली रोखठोक, त्यात काकूंचं बोलणं टाचण्यांच्या फटीतून यायचं, त्यामुळे नव्या माणसाला वाटे, ही बाई आपल्याला टोचूनच बोलते आहे. खरं म्हणजे त्यांच्या मनात तसं काही नसे. माणसाचं नाव विचारायच्या आधी त्या डोळ्यांनी त्याचं माप घेत, एवढंच.

मी लग्न होऊन पंचावन्न साली साताऱ्याहून तिथं आले. आमचे हे शेती खात्यात होते. ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा शब्द ऐकला की मला वाटायचं, समोरचं माणूस भांडायला उठलं आहे. बायका ‘मी येतो’, ‘मी सांगतो’ म्हणतात, हे पचायलाही महिना गेला. त्यातच संसार मांडून जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तर यांचे नवे साहेब आणि त्यांची बायको आमच्याकडे चहाला यायचे ठरले. माझा जीव टांगणीला. सकाळपासून मी जळमटं काढत होते, पितळ घासत होते, फरशी पुसत होते आणि पुसलेल्या फरशीवरून ओल्या पायांनी चालून ती पुन्हा पुसत होते.

दुपारी साडेतीनला दारात वच्छलाकाकू. मीच आदल्या आठवड्यात पोलक्याच्या मापासाठी निरोप दिला होता आणि साफ विसरले होते. "शिवणवाल्या बाई, जरा बसा हं, साहेब-बाईसाहेब चहाला यायचेत," असं म्हणून मी दाराजवळ चटई टाकून दिली आणि आत पळाले. पंधरा मिनिटं तरी त्या तिथं बसून होत्या. मग कडी वाजली. साहेब लवकरच आले या धास्तीनं मी हात पुसत बाहेर आले, तर दारात पुन्हा काकूच. पण चेहरा निराळा. मान जरा ताठ, पदर दोन्ही खांद्यांवरून. माझ्याकडे न बघता त्या साहेबांच्या बायकोसाठी मांडलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"शिवणवाल्या बाई..." मी म्हणाले.

"मी आता सायबाची बायको हाओ," काकू म्हणाल्या. ओठांतल्या टाचण्या त्यांनी काढून पदराला लावल्या होत्या. "तुह्या नवऱ्याची चड्डी दिसून राहिली मले."

मला संताप आला. सासरी येऊन तीन आठवडे झालेल्या बाईनं अशी वाक्यं ऐकलेली नसतात. पण मी त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं आणि माझे कान गरम झाले. खुर्ची, मधलं दार आणि मागच्या अंगणातली वाळत घालायची दोरी एका ओळीत होती. दोरीवर यांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी उन्हात डुलत होती. मी ती काढायला धावले.

"ठेव," काकू म्हणाल्या. "ओले कपडे घरात घेऊन कुठी टाकतं? खुर्ची फिरव. एक वीत."

मी खुर्ची वीतभर फिरवली. त्या पुन्हा बसल्या. आता समोर खिडकी आली. खिडकीत मी कागदी फुलांचा गुच्छ ठेवला होता, तो त्यांनी उचलायला लावला. बाहेरचा कडुनिंब दिसायला लागला. "हे झाड तुहं नाही, पन दिसते तुह्या घरातून," त्या म्हणाल्या. "सायबाच्या बायकोले तेच पाहू दे." मग त्यांनी हवा हुंगली. घराला हिंगाचा वास येतो आहे, तो घरच्यांना कधी कळत नाही, तेव्हा मागचं-पुढचं दार घटकाभर सताड उघडं टाक, असं सांगितलं. मी घाईघाईनं आणखी एक टेबलक्लॉथ काढायला गेले, तर म्हणाल्या, "आता काई आनू नोको. शेवटच्या घटकेले आनाचं नसते, काढाचं असते."

साहेबांच्या टांग्याचा आवाज आला तशा त्या मागच्या दारानं निघाल्या. "अहो, पोलक्याचं माप?" मी म्हणाले.

"घेतलं ना. चटईवरून."

पोलकं चार दिवसांनी आलं आणि अंगासरशी बसलं. साहेबांची बायको तासभर कडुनिंबाकडे बघत बोलत होती. जाताना म्हणाली, "घर किती मोकळं वाटतं हो तुमचं." मला आनंद झाला आणि आपण काहीही केलेलं नाही हे आठवून ओशाळायलाही झालं.

त्या दिवसापासून मी काकूंची चाहतीच झाले. आमचे हे चेष्टेनं म्हणत, "तुझ्या शिवणवालीला आमच्या कचेरीत एकदा बसव. तपासणी व्हायच्या आधी." मी ते काकूंना सांगितलं तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "खुर्ची चांगली असन तं येतो."

त्यांच्या शिकवणीतलं पहिलं कलम होतं ‘काढा’. दुसरं होतं, ‘झाकू नका’. हे कलम वकिलांच्या घरी सिद्ध झालं. आमच्या समोर राहणारे वकील मोठे विद्वान, पण घरभर अशिलांचे कागद. नागपूरहून वकिलीणबाईंच्या माहेरची मंडळी यायची होती, म्हणून बाईंनी सगळे गठ्ठे एका कोपऱ्यात रचून त्यांच्यावर भरतकामाची चादर टाकली होती. वरून एक उशी. काकू पाहुणी होऊन आल्या, खुर्चीत बसल्या आणि बोलेनातच. नुसत्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं हो?" वकिलीणबाईंनी धसकून विचारलं.

"कोन निजलं तथी?"

बाई हिरमुसल्या. काकूंनी उठून चादर ओढली. धूळ उडाली, वकील शिंकले. मग त्या दोघींनी ते गठ्ठे भिंतीतल्या फडताळात उभे लावले. "वकिलाच्या घरी कागद नाही दिसतीन तं काय आवळे दिसतीन?" काकू म्हणाल्या. "झाकलं का पाहुन्याचे डोये तथीच जातात. उघडं ठेवलं तं कोनी पाहात नाही." नागपूरची मंडळी आली आणि म्हणे, जावईबापूंची वकिली जोरात दिसते, अशी तारीफ करून गेली. गठ्ठे तेच, फक्त झोपलेले होते ते उभे झाले होते.

एकदा मात्र काकूंची चूक झाली. चूक म्हणावी की नाही कोण जाणे. गल्लीतल्या मास्तरांच्या शकूला बघायला मोर्शीची माणसं यायची होती. मास्तरांच्या घरी भांडी बेताची, म्हणून चार घरांतून फुलपात्री गोळा केली. घासून पुसून ती सोन्यासारखी केली, एका आकाराची निवडून एका ओळीत मांडली. काकूंनी खुर्चीत बसून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. पण एक गोष्ट आम्हां साऱ्याजणींच्या ध्यानातून गेली. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात. खुर्चीतून ते दिसत नाही. ते हातात घेतल्यावर दिसतं.

मुलाचे आजोबा निवृत्त हेडमास्तर. दिसेल ते वाचायची सवय. पाणी प्यायले आणि फुलपात्र उन्हाकडे तिरकं धरून मोठ्यानं वाचू लागले, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी इंदू." शेजाऱ्याचं मागून घेतलं. "सौभाग्यवती गंगाबाई." तिसरं घेतलं. "वच्छला." मग चष्म्यावरून मास्तरांकडे बघत विचारलं, "मुलीचं नाव तर शकुंतला सांगितलं होतं. मग हे एवढे कोन?"

मास्तर पांढरेफटक. आम्ही स्वयंपाकघरात एकमेकींचे हात धरून. काकू एरवी एव्हाना मागच्या दारानं निघून गेलेल्या असायच्या, पण त्या दिवशी पोह्यांना फोडणी द्यायला थांबल्या होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "हे शकूचे शेजारी व्हय, बावाजी. लगनात पंगती याच बाया वाढतीन. म्हनून आजच ओळख करून देली."

मग म्हातारबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि इंदूच्या फुलपात्रातून आणखी पाणी द्यावं लागलं. शकूचं लग्न जमलं. लग्नात पंगती खरोखरच आम्ही वाढल्या.

त्या दिवशी परत येताना मी काकूंना विचारलं, "तुम्ही पाहुणे आले की पळून का जाता हो? आज किती छान बोललात."

"कोन म्हनून बसू मी तथी?" त्या म्हणाल्या. "शेजारीन म्हना तं शेजारच्या घरची नाही. सोयरी म्हना तं सोयरी नाही. शिवनवाली म्हनून बसू?"

"हे सगळं तुम्हांला सुचतं कसं? खुर्ची फिरवायचं वगैरे?"

"मापं घ्याले जातो ना मी. बाया कामात राह्यतात. बसा म्हनतात, दाराजवळ. मंग पाहात बसतो. दाराजवळून सारं दिसते."

त्यांनी हे कुणावर राग नसल्यासारखं सांगितलं. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. आमच्या दाराजवळची चटई मला आठवत होती.

थोडं पुढे गेल्यावर त्या थांबल्या. "सुमनचे पाहुने येतीन ना, तवा तू ये वं पोरी. खुर्चीत येऊन बस. दुसऱ्याचं घर मले दिसते, माहं नाही दिसनार."

सुमन एव्हाना मॅट्रिक झाली होती. आईसारखी उंच आणि आईपेक्षा पुष्कळ कमी बोलणारी. काकूंच्या साऱ्या जिवाचा एकच ध्यास होता, तिला बघायला माणसं येतील तेव्हा आपल्या खोलीत त्यांना खुपेल असं काही असू नये. गल्लीतली इतकी घरं त्यांनी पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहिली, ती जणू या एका दिवसाची तालीम म्हणून. पहिलं स्थळ परतवाड्याकडचं होतं. दिवस ठरला, खोली सारवली गेली, पण माणसं आलीच नाहीत. मध्यस्थानं आडवळणानं कारण सांगितलं. मुलगी चांगली असेल, पण आई घरोघर हिंडून शिवणकाम करते, ते त्यांना बरं वाटलं नाही. काकूंनी ते ऐकलं, टाचण्या ओठांत धरल्या आणि दिवसभर मशीन चालवत राहिल्या. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा मला मशीनचाच आवाज ऐकू आला, काकूंचा नाही.

दुसरं स्थळ वर्षभरानं आलं. मुलगा अकोल्याला शाळेत शिक्षक. त्याचे आईवडील आणि तो असे तिघं येणार होते. मार्गशीर्षातले दिवस, बाजारात संत्र्यांचे ढीग. दुपारी सुमन मला बोलवायला आली. नवं लुगडं नेसलेली, हातावर पोह्यांची हळद. "आई म्हनते, पाहुनी होऊन या."

मी गल्लीच्या टोकाला गेले, खोलीची कडी वाजवली आणि म्हणाले, "कोण आहे घरात?" माझ्या सातारी उच्चारांना सुमन आतून हसली. काकू हसल्या नाहीत. मी आत जाऊन खुर्चीत बसले. खुर्ची वकिलांकडची होती. नजर फिरवली. जमीन सारवलेली. खाटेवर स्वच्छ दुलई. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, त्याला झेंडूची माळ. खिडकीला नवा पडदा. टोपलीत संत्री. हिंगाचा वास नाही, धूर नाही. काढायचं ते सगळं काढलेलं. मी शाबास म्हणणार तेवढ्यात मला खुर्चीच्या अगदी समोर, खिडकीखाली, जमिनीत चार खळगे दिसले. ताज्या सारवणातूनही दिसत होते. वरच्या भिंतीवर तेलकट हाताचा डाग होता. आणि मग मला कळलं की खोलीत मशीन नाही.

बोलावं की बोलू नये? माणसं यायला पाऊण तास उरला होता. गप्प बसले असते तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं आणि सुमनचं जमून गेलं असतं. बोलल्यानं सगळं बिघडलं असतं तर आयुष्यभर ते माझ्या माथी बसलं असतं. पण मला त्यांनी ज्या कामासाठी बोलावलं होतं ते हेच होतं.

"काकू, इथं काय होतं?" मी विचारलं.

"काई नाही."

"पाहुण्यांनी विचारलं तर?"

"सांगीन, कोठी होती जवारीची."

"कोठी तेलकट हात लावत नाही भिंतीला. मशीन कुठं आहे?"

"वकिलाकडे," सुमन हळूच म्हणाली.

"तुम्हीच म्हणता ना काकू, झाकलं की..."

"माहं मले नोको शिकवू!" काकू कडाडल्या. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मग तो आवाज एकदम खाली आला. "पयलं स्थळ कशापायी गेलं, ठाव हाय ना तुले? आता हेही गेलं तं? मी काय तोंड दाखवू या पोरीले?"

तेव्हा सुमन बोलली. आईचा पदर नीट करत, अगदी साध्या आवाजात.

"आई, मंग मले पन वकिलाकडेच नेऊन ठेव ना."

मी खुर्चीतून उठले. काकू माझ्या जागेवर जाऊन बसल्या, समोर बघितलं, आणि त्यांना ते चार खळगे दिसले असावेत. पदर खोचून त्या उठल्या. "चला," म्हणाल्या, "आनू ते."

लोखंडी पायांचं मशीन उचलणं म्हणजे खेळ नव्हे. मी, सुमन, वकिलीणबाई आणि काकू अशा चौघींनी चार कोपरे धरले. दहा पावलं चालायचं, टेकवायचं, पुन्हा उचलायचं. गल्ली टांग्यापुरतीच रुंद, भिंतीला कोपरं खरचटत होती. काकूंचे केस सुटले, कपाळावर घाम आला. निम्म्या वाटेवर आम्ही मशीन खाली ठेवून दम खात होतो, तोच वळणावरून टांगा आत आला. बडनेऱ्याची गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली होती. घोड्यानं मशीन बघितलं आणि तो थांबला. टांग्यात तीन माणसं, समोर आम्ही चौघी आणि मध्ये मशीन. मागचं दार नावाची गोष्ट गल्लीत नसते. वच्छलाकाकूंना आयुष्यात पहिल्यांदा पळून जाता येईना.

टांग्यातून चष्मा लावलेला एक तरुण उडी मारून उतरला. "सरका मावशी, मी धरतो," तो म्हणाला. "कोनाच्या घरी न्याचं?"

सुमननं बोटानं खोली दाखवली. त्या पोरानं टांगेवाल्याला हाक मारली, दोघांनी मिळून मशीन उचललं आणि खोलीत नेऊन ठेवलं. कुठं ठेवायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. चार खळगे समोरच होते.

पाहुणे बसले. मुलाची आई त्या खुर्चीत. आम्ही शेजारणी दाराशी. बाई जाडजूड, गंभीर, आल्यापासून उजवा हात पदराखाली. त्यांनी फोटो पाहिला, पडदा पाहिला आणि मग मशीनकडे बोट केलं. "कोन शिवते?"

"मी शिवतो," काकू म्हणाल्या. केस अजून सुटलेलेच होते. त्या मुलाच्या आईच्या समोर उभ्या राहिल्या आणि न विचारलेलंही सांगून टाकलं. "घरोघर जाऊन मापं घेतो अन् इथी बसून शिवतो. चौदा वर्सं झाले. सुमनची शाळा याच्यावरच झाली. तुमाले पसंत नसन तं आताच सांगा, पोट्टीले पोहे घेऊन पुढं नाही बोलवत."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग पदराखालचा हात बाहेर काढला. पोलक्याची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उसवलेली होती.

"बडनेऱ्याले गाडी बदलताना गर्दीत फाटली," त्या म्हणाल्या. "तथूनच झाकून बसली मी. तुमच्या घरी असं कसं जाव, म्हनून जीव अर्धा झाला माहा. एवढी शिवून द्या ना, बाई. मंग पोहे मोकळ्या हातानं खाईन."

आधी सुमन हसली, मग मुलगा, मग सगळेच. पुरुष घटकाभर बाहेर गेले, बाईंनी पोलकं उतरवून पदर लपेटून घेतला आणि काकू मशीनवर बसल्या. पाय चालू लागला, सुई धावू लागली आणि त्या आवाजातच दोघी बायका ज्वारी, जावा आणि बडनेऱ्याची गर्दी यांबद्दल बोलू लागल्या. शिवण संपलं तरी काकू उठल्या नाहीत. मशीनच्या स्टुलावर बसून त्यांनी पोहे खाल्ले, पाहुण्यांच्या पंक्तीत. मी त्यांना पाहुण्यांसमोर बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वैशाखात सुमनचं लग्न झालं. पुढं आमचीही अकोल्याला बदली झाली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत काकूंनी कडक पाळली होती, त्यामुळे लेक अकोल्यात असूनही त्या कधी आल्या नाहीत. मग सुमनला मुलगी झाली आणि काकूंचं पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘नातीच्या बारशाला येतो. आधी तुह्या घरी घटकाभर येईन. धावपळ करू नोको.’

मी अर्थातच धावपळ केली. अकोल्याच्या पाच वर्षांत घरात सामान वाढलं होतं, पोरांचे कपडे वाढले होते. काढायचं तेवढं काढलं. वेळ होत आली तेव्हा मी बाहेर गेले, दार लोटलं, स्वतःच्याच दाराची कडी वाजवली आणि "कोण आहे घरात?" असंही विचारलं. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. मग येऊन खुर्चीत बसले आणि निरखून बघितलं. मला काही म्हणता काही दिसेना.

काकू आल्या. केस पांढरे, डोळ्यांना चष्मा. गळ्यात टेप नव्हता, तो नसल्यानं मानच उघडी पडल्यासारखी वाटत होती. दाराजवळ भाजीवालीसाठी मी एक चटई टाकलेली असे. काकूंचे पाय सवयीनं तिकडेच वळले आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या खाली बसू लागल्या. मी त्यांचा दंड धरला.

"तिथं नाही, काकू. इथं. खुर्चीत."

त्या बसल्या. मी समोर उभी राहिले, अकरा वर्षांपूर्वीसारखीच. "सांगा आता," मी म्हणाले. "काय काय दिसतं?"

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "काई पाहून नाही राहिली पोरी," त्या म्हणाल्या. "आज मी पाहुनीच हाओ. च्या आन."

मी चहा टाकला, बशीत पोहे घेतले. बाहेर येते तो काकू खुर्चीत झोपी गेलेल्या. मान मागे टेकलेली, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं. बडनेऱ्याला गाडी बदलून आलेली म्हातारी. त्या खेपेनंतर मी त्यांना पाहिलं नाही. दोन वर्षांनी सुमनकडून त्या गेल्याचा निरोपच आला. म्हणून ती झोप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या वेळेला धोबी यायचा आणि तो आला की दारातूनच आरोळी ठोकायचा. त्याला अडवावं म्हणून मी दाराजवळच्या चटईवर जाऊन बसले. तिथं मी कधीच बसले नव्हते. तिथून मला कपाटाखालची धूळ दिसली. पडद्याची उसवलेली कड दिसली. आणि ऐन वेळेला न घडी घातलेले कपडे कोपऱ्यात ढकलून त्यांच्यावर मी जी चादर टाकली होती, ती तर लख्ख दिसली. खुर्चीतूनही दिसतच असणार. काकूंनी ती पाहिली होती आणि त्या काही बोलल्या नव्हत्या. चटईवरून खुर्ची फार उंच दिसते, हेही मला तिथं बसल्यावर कळलं. मी नव्या नवरीच्या तोऱ्यात त्यांना इथं बसवून आत निघून गेले होते. मला फार लाज वाटली.

चहा निवला. धोबी पायरी चढला, तशी मी ओठांवर बोट ठेवलं. तो दचकून थांबला. मालकीण चटईवर आणि खुर्चीत कुणी म्हातारी झोपलेली, हे त्याला उमगेना. खाली वाकून त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "कोन हाय, बाई?"

"हळू बोल," मी म्हणाले. "आमच्याकडे पाहुण्या आल्या आहेत."